पायरीजवळची मेंढी

भूगावला फ्लॅट घ्यायचं भाच्याच्या मनात होतं, तेव्हा नमुन्याचं घर बघायला त्यानं मलाही बरोबर नेलं. "मावशी, तू आयुष्यभर चित्रकला शिकवलीस, भिंती सरळ आहेत का एवढंच सांग," म्हणाला. मी गेले. म्हातारपणी आपल्याला कुणी कामाचं समजलं की माणूस मुकाट्यानं जातं.

दिवाणखान्यात सोफ्याच्या वर सोनेरी चौकटीत एक जुनं छापचित्र टांगलेलं होतं. पिवळट कागद, बारीक काळ्या रेघा, एक दगडी देऊळ, मागं डोंगर आणि पुढं नदीकाठी दोन पागोटेवाले उगाच उभे. साहेब लोकांच्या अशा चित्रांत दोन पागोटेवाले उगाच उभे असायचेच, देऊळ केवढं आहे ते कळावं म्हणून.

"ते अँटिक आहे मॅम, ओरिजिनल," तिथली मुलगी म्हणाली. "पण ते फ्लॅटबरोबर मिळत नाही हं."

मी चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. देऊळ ओळखायला मला चष्म्याची गरज नव्हती. चौदाव्या वर्षी त्याचा दगड न् दगड मी पाठ केला होता. मी बघत होते ते खाली, उजव्या हाताला. शेवटच्या पायरीजवळ, जोत्याच्या दगडात, एक मेंढी कोरलेली होती. चिंचोक्याएवढी. मान मागं वळवून ती आपल्या कोकराकडं बघत होती.

"मावशी, भिंती कशा आहेत?" भाच्यानं विचारलं.

"सरळ आहेत," मी म्हटलं आणि प्लॅस्टिकसुद्धा न काढलेल्या त्या सोफ्यावर बसले. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. पासष्टी ओलांडलेल्या बाईला शाळकरी पोरीसारखी लाज चढते, हे मला त्या दिवशी कळलं.

नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मुळशीच्या धरणाकाठी एका गावात शाळामास्तर म्हणून बदली झाली तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते. गाव म्हणजे खरं तर अर्धंच गाव, उरलेलं पाण्याखाली. धरण होऊन तिसेक वर्षं झाली होती, तरी लोक अजून पाण्याकडं हात करून पत्ते सांगायचे. "तितं आमची इहीर हुती." "त्या लाटंच्या अल्याड आमचं वाडगं." ऐकणाराही मान डोलवायचा, जणू त्यालाही ते दिसत होतं. आम्ही बाहेरून आलेले, आम्हाला नुसतं पाणी दिसायचं.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी वास यायचा. चिखलाचा, शेवाळाचा, कुजलेल्या काटक्यांचा. मग एकेक जुना बांध उघडा पडायचा, आंब्यांचे काळे बुंधे वर यायचे, कुठं जात्याची पाळ सापडायची. बायका त्या बांधांवरून उगाच फिरून यायच्या. नदीकाठचं महादेवाचं देऊळ मात्र खोलात होतं, ते कधी वर आलं नाही. पाणी चढायच्या आधी पिंडी तेवढी उचलून माळावर आणली होती आणि ती पत्र्याच्या छपरात बसली होती. पावसाळ्यात त्या पत्र्याचा असा काही दणका व्हायचा, की गुरवाचे मंत्र खुद्द महादेवालाही ऐकू जात नसतील, असं आई म्हणायची.

धरणाच्या वसाहतीतून निवृत्त होऊन निघालेल्या एका ओव्हरसियरनं जाताना नानांना एक पत्र्याची ट्रंक दिली. वर सगळे वाळवीनं खाल्लेले कागद, आणि तळाशी ते भलंमोठं पुस्तक. शंभरेक वर्षांपूर्वी कुणी गोरा साहेब देवळं बघत मुलूखभर हिंडला होता, त्याची चित्रं. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं कोरायची, कोरलेल्या रेघांत शाई भरायची आणि पत्रा ओल्या कागदावर दाबायचा, असं नानांनी मला समजावून सांगितलं होतं. दर चित्रावर पतंगाच्या कागदासारखा एक पातळ कागद असायचा. तो उचलताना सुर्रकन आवाज यायचा, आणि मग डिंकाचा, कापराचा आणि थोडासा उंदरांचा वास. हात धुऊन, पुसून, नानांना दाखवल्याशिवाय पुस्तकाला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा सोवळ्याचा एकमेव नियम.

त्या चित्रांचं मला वेड लागलं होतं. नानांचं भिंग घेऊन मी तासन् तास ओणवी बसायची. काळोख म्हणजे काळा रंग नव्हे, एकमेकींना खेटून आलेल्या रेघा. ऊन म्हणजे दूर दूर गेलेल्या रेघा. गाभाऱ्याच्या दारात त्या इतक्या दाट व्हायच्या की तिथं आत कुणी तरी आहे असं वाटायचं. आणि अकरावं चित्र आमचंच होतं. नानांनी खाली लिहिलेलं इंग्रजी वाचून दाखवलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. पाण्याखालचं देऊळ, शंभर वर्षांपूर्वीच्या कोरड्या उन्हात उभं.

हिरा माझ्याच वयाची. माळाच्या वरच्या अंगाला धनगरांची चार-पाच घरं होती, त्यातल्या बाजाबाईची ती मुलगी. आईला दमा होता, म्हणून शेळीचं दूध लागायचं आणि ते हिरा आणायची. तिच्या आधी तिचा वास यायचा, ओल्या लोकरीचा आणि धुराचा. सुरुवातीला मी नाक मुरडलं होतं, मग त्याच वासाची वाट बघायला लागले. शाळेत ती कधी आली नाही, पण डोंगरावरची वाट, रानातली कंदमुळं, कुठल्या मेंढीचं कुठलं कोकरू, हे सगळं तिला यायचं. मी तिला अक्षरं शिकवायला बसले तर ती म्हणायची, "ऱ्हाऊंदे गं, तुझी अक्षरं समदी सारखीच दिसत्यात. मेंढरं तरी येगळी असत्यात."

कधी कधी तिच्याऐवजी बाजाबाई स्वतः यायची. उंच, खांद्यावर कांबळं, आवाज असा की दरीपलीकडच्या माणसाला हाक मारायची सवय झालेला. आमच्या अंगणात बसून आईशी हळू बोलायची, तरी चार घरांना ऐकू जायचं. मेंढीची गोष्ट मी तिच्याच तोंडून ऐकली.

"आमच्या मालकाच्या पनज्याच्या पनज्याची मेंढी हुती. रोज कळपातनं फुटायची न् नदीकाठी एका धोंड्यावर पान्हा सोडून यायची. कोकरू उपाशी. म्हातारा चिडला, गेला मागनं काठी घिऊन. बगतोय तर धोंडा कसला, म्हादेव! मग गावानं देऊळ बांदलं आन् पायरीपाशी आमची मेंढी कोरली. तवापासनं मान आमचा. शिवरातीला पैली धार मेंढीच्या दगडावर, आमच्या घरच्या बाईच्या हातची. मग गुरव दार उगडनार."

"तुम्ही घातलीत धार?" आईनं विचारलं.

"दोन डाव. नवी नवरी हुती मी तवा. तिसऱ्या शिवरातीला पानी आलं." तिनं खांद्यावरचं कांबळं सावरलं. "मेंढी जोत्यात बसीवलेली, ती कशी निगनार? ऱ्हायली खाली. दगूड न्हाई म्हनून मानबी न्हाई."

पत्र्याच्या छपरात आल्यापासून पहिलं दूध पाटलांच्या घरून यायला लागलं होतं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. पाटलांच्या गाई जवळ होत्या आणि धनगरवाडा लांब होता, एवढंच.

त्याच सुमारास एका दुपारी मी हिराला पुस्तक दाखवलं. तिला रिठ्यानं हात धुवायला लावले, परकराला पुसू दिले नाहीत, स्वच्छ पंचा दिला. मोठा तोरा होता माझा. अकराव्या चित्रावरचा पातळ कागद मी उचलला आणि आता ही शिखर बघून आ वासेल म्हणून तिच्या तोंडाकडं बघत राहिले. हिराची नजर शिखराकडं गेलीच नाही.

"ही बग! आमची मेंढी. मान कशी वळीवलीया बग."

इतके दिवस भिंग लावून बघत होते मी, आणि ते मला कुत्रं वाटलं होतं. हिरा खूप वेळ बघत होती. "आयला सांगते," म्हणाली आणि दुधाची चरवी आमच्याकडंच विसरून पळत सुटली.

पुढच्या वर्षी गावानं ठरवलं की महादेवाला पुन्हा दगडी देऊळ बांधायचं, आणि बांधायचं तर होतं तस्संच. घाटाखालून एक पाथरवट आणला. तुकाराम त्याचं नाव, पापण्यांवरसुद्धा दगडाची पूड. देऊळ कसं होतं ते सांगायला म्हातारी माणसं जमली आणि त्यांचं आपसातच जुंपलं. कुणी म्हणे खांब सहा, कुणी म्हणे आठ. तुकारामनं दोन दिवस ऐकून घेतलं.

"तोंडी सांगितल्यालं म्या करनार न्हाई," तो म्हणाला. "धा जनांची धा देवळं व्हत्यात. मला कागुद द्या."

"कागद आहे," नाना म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच गावानं नानांकडं असं बघितलं असेल.

पण मूळ पुस्तक दगडांच्या धुरळ्यात द्यायला नाना तयार नव्हते. चित्राची नक्कल करून द्यायचं ठरलं आणि ती कोण करणार, यावर चर्चासुद्धा झाली नाही. पौडच्या शाळेत मी चित्रकलेच्या परीक्षेला बसले होते. नाना सगळ्यांदेखत म्हणाले, "आमची ही करील. रेघ मारावी तर हिनं." त्यांचा तो स्वर मला अजून ऐकू येतो.

नक्कल करायची पोरांची एक युक्ती असायची. कागदाला रॉकेल चोळायचं, म्हणजे तो आरपार दिसतो. मग चित्रावर ठेवायचा, गिरवायचं, रॉकेल वाऱ्यानं उडून जातं. त्या दुपारी बाटलीत रॉकेलचा थेंब नव्हता. आई झोपली होती. मी फडताळातलं करडईचं तेल घेतलं. कागद काय सुंदर झाला! काचेसारखा. त्यातून देऊळ असं वर आलं, की जणू खरंच पाणी उतरलंय. मी शिखरापासून सुरुवात केली. बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या, लांब कुठं तरी लोहाराचा भाता चालू होता, तुकारामच्या बोथट टाक्या शेवटून धार काढायचं काम. गिरवता गिरवता ऊन भिंतीवरून खाली सरकलं. आणि सगळा वेळ माझं उजवं कोपर चित्राच्या खालच्या कोपऱ्यावर टेकलेलं होतं.

कागद उचलला तेव्हा तिथं रुपयाएवढा तेलाचा डाग होता.

मग मी जे करायला नको ते सगळं केलं. तांदळाचं पीठ पसरून वर निखाऱ्यांचा तांब्या फिरवला, साडीवरचा डाग काढतात तसा. डाग आणखी पसरला. शेवटी रिठ्याच्या पाण्यात फडकं बुडवून चोळलं. जुना कागद तो, त्याचा पापुद्रा निघाला, पापुद्र्याबरोबर रेघा निघाल्या. मेंढी माझ्या फडक्यावर आली. एवढासा काळा ठिपका. मी विहिरीवर जाऊन फडकं धुऊन टाकलं.

नानांना सांगायचं धाडस झालं नाही. नाना मारणारे नव्हते, नुसते बघत राहिले असते, आणि ते मला सोसलं नसतं. दुसऱ्या दिवशी मी तुरटीचं पाणी करून त्या जागी लावलं, म्हणजे शाई फुटत नाही. वाळू दिलं. मग बारीकातल्या बारीक निबनं तिथं रेघा भरायला घेतल्या. जोत्याचे साधे चिरे, एकावर एक. साहेबाच्या रेघा जशा उन्हाकडं विरळ व्हायच्या तशाच माझ्याही केल्या. नकलेतही तेच चिरे उतरवले. मेंढी काढली नाही, कारण मला जनावर काढता यायचं नाही. इतकं साधं कारण. देवळं मला यायची, रांगोळ्या यायच्या, पण जिवंत काही काढायला गेलं की त्याचं पोतं व्हायचं. एक मेंढी नाही काढली तर कुणाला कळणार, असं मी स्वतःला म्हटलं. हिराची आठवण झाली नाही असं म्हणणं मात्र खोटं होईल. झाली होती.

काम संपल्यावर मी भिंग घेऊन बघितलं, तर साहेबाची रेघ कुठं संपते आणि माझी कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. लिहायला नको वाटतं, पण लिहिते: मला अभिमान वाटला.

नक्कल पसंत करायला गाव शाळेच्या पडवीत जमलं. पाटील, गुरव, तुकाराम, नाना. मी मागं, पुस्तक उराशी धरून. तुकाराम माझ्या नकलेवर बोट फिरवत म्हणाला, "झ्याक हाय. असं पायजे." तेवढ्यात बाजाबाई पायऱ्या चढून वर आली. बायका पडवीत येत नसत, पण तिला कुणी अडवलं नाही.

"मेंढी कुटंय?" तिनं विचारलं.

पाटील हसले. "कसली मेंढी, बाजाबाई?"

"पायरीपाशीची. आमच्या मानाची. समद्या गावाला ठाव हाय."

सगळ्या गावानं एकमेकांकडं बघितलं. ज्यांनी जुनं देऊळ पाहिलं होतं त्यांतले बरेच गेले होते. जे होते ते पाटलांकडं बघत होते. गुरव म्हणाला, "म्या तवा ल्हान हुतो. काय तरी हुतं खरं... पर मेंढी का नंदी, न्हाई सांगता येत."

"भांडण कशाला?" पाटील म्हणाले. "सायबाचं चित्र हाय न्हवं? चित्रात मेंढी आसंल तर मेंढी बसवू आन् मानबी तुमचा. नसंल तर न्हाई. मंजूर?"

"मंजूर," बाजाबाई म्हणाली. लगेच म्हणाली, छातीवर हात ठेवून. "माझ्या हिरीनं बगितलीया चित्रात. डोळ्यानं बगितलीया."

नानांनी मला पुढं बोलावलं. मी पुस्तक उघडलं, पातळ कागद उचलला. नाना वाकले. त्यांचे डोळे अधू झाले होते, त्यांना चिरे दिसले. पाटील वाकले, त्यांनाही चिरे दिसले. मग बाजाबाई गुडघ्यांवर बसली आणि तिनं चित्राला कपाळ लागेल इतकी मान खाली घातली. तिच्या कांबळ्याला रानाचा वास येत होता. ती शोधत होती. डावीकडं शोधलं, उजवीकडं शोधलं. माझ्या रेघांवरून तिची नजर दोनदा गेली.

"पोरी," ती माझ्याकडं वर बघून म्हणाली, "तू रोज बगतीस ह्ये. नीट आटवून सांग. हितं मेंढी हुती का न्हाई गं?"

आता इथं मी 'होती' म्हणायला हवं होतं. दोन अक्षरं. पडवीत पोपटी उजेड होता, कुणाच्या तरी चंचीतल्या तंबाखूचा वास येत होता आणि नाना माझ्याकडं कौतुकानं बघत होते.

"नाही," मी म्हणाले.

"हिरी म्हनली..."

"हिराला चित्रातलं काय कळतंय?" मी म्हणाले. आणि एवढ्यावर थांबले नाही. "माणसं विसरतात, बाजाबाई. चित्र खोटं बोलत नाही."

पुस्तकातलंच वाक्य वाटावं असं वाक्य. पाटील म्हणाले, "बगा, एवढीशी पोर, पर बोलली कशी!" आणि नानांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बाजाबाई उठली. गुडघे झटकले. पडवीच्या टोकाशी गेली आणि उतरायच्या आधी तिनं पुन्हा एकदा मागं वळून बघितलं. माझ्याकडं नाही, पुस्तकाकडं.

हिरा त्यानंतर आमच्याकडं आली नाही. दूध दुसरीच कुणी आणायला लागली. "धनगरांची हिरा दिसत नाही गं हल्ली," आई म्हणाली. मी म्हटलं, "लग्न ठरलं असेल." आणि त्या वैशाखात खरंच तिचं लग्न झालं, नांद्याकडं कुठं तरी दिलं. हळदीला आम्हाला बोलावणं होतं. मी परीक्षेचं निमित्त करून गेले नाही.

देऊळ झालं. अडीच-तीन वर्षं तुकारामच्या टाकीचा आवाज शाळेपर्यंत येत होता, टिक टिक टिक, त्या तालावर पोरं पाढे म्हणायची. पायरीजवळ माझे चिरे बसले, घडीव, गुळगुळीत, अगदी चित्रातल्यासारखे. नव्या देवळातल्या पहिल्या शिवरात्रीला गावानं मला नारळ आणि खण दिला. दूध पाटलांच्या सुनेनं घातलं, गुरवानं दार उघडलं, घंटा वाजली, बेलाचा आणि ओल्या नव्या दगडाचा वास सुटला. बाजाबाई आली होती. हातात चरवी होती, सवयीनं आणली असेल. ती उजव्या बाजूला, पायरीपाशी जराशी थांबली. मग चरवी प्रसादाच्या दुधात ओतायला आचाऱ्याकडं देऊन टाकली. परत जाताना माझ्याजवळून गेली तेव्हा माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "लई सुबक काढलंस गं पोरी." तिच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता.

मग मी शिकायला पुण्याला गेले आणि पुढं छत्तीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवली. "जे दिसतं तेच काढा, मनचं घालू नका," असं मी दर वर्गात म्हणत असे. तोंड वर करून. नाना निवृत्त होताना पुस्तक शाळेला देऊन आले. कौलं गळली, ट्रंकेत पाणी गेलं आणि पुस्तकाचा लगदा झाला, असं पुढं कुणी सांगितलं. नाना हळहळले. मला सुटल्यासारखं वाटलं. नाना गेले तेही माझ्या रेघेचं कौतुक करतच. सुट्टीत गावी गेले आणि बाजारात लांबून कांबळं दिसलं की मी दुसऱ्या बोळानं जायची. बाजाबाई त्यानंतर पंचवीस वर्षं जगली. पंचवीस वर्षांत सांगायला एक दुपार पुरली असती.

नमुन्याच्या घरातलं ते चित्र त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या प्रतीतलं, माझा हात न लागलेलं. भाच्यानं त्याचा फोटो काढून मोठा करून दिला. हिराचं घर शोधायला काहीच कष्ट पडले नाहीत. नांद्याला पहिल्याच टपरीवर सांगितलं. इतकी वर्षं मी शोधलंच नव्हतं. जमीन अर्धी विकलेली, उरलेल्या तुकड्यावर मुलानं भाड्याच्या खोल्या बांधलेल्या, जिन्यात परप्रांतातल्या पोरांच्या चपला आणि मागच्या बाजूला पत्र्याखाली तीन शेळ्या. हिरा खाटेवर बसली होती.

"मास्तरांची ताई व्हय तू?" माझ्या हाकेवरूनच तिनं मला ओळखलं. "केस समदं पांढरं झालं की गं!"

सुनेनं चहा आणला. मी बशीला हात न लावता फोटो पुढं केला. हिरानं तो उजेडाकडं धरला, लांब केला, जवळ घेतला.

"मेंढी," ती म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. करडईचं तेल, कोपर, फडकं, तुरटी, चिरे. पन्नास वर्षं पोटात ठेवलेलं सांगायला चहावर साय धरेपर्यंतचा वेळसुद्धा लागला नाही. शेवटी म्हटलं, "मी खोटं बोलले हिरा. सगळ्या गावासमोर."

"मला ठाव हुतं की," हिरा म्हणाली. "म्या बगितल्याली मेंढी जातीया कुटं?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलली. आय घरी आल्याव तिला बोलली, मास्तरची पोर खोटं सांगतीया म्हनून. आयनं मला काठीनं मारली. म्हनली, तुझ्यापायी गावात माझी मान खाली गेली. मास्तरची पोर कशाला खोटं बोलंल, तिला काय मिळतंय त्यात?" हिराच्या बोलण्यात राग नव्हता. आजच्या पिठाबद्दल बोलावं तसं बोलत होती. "मग म्या काय पुन्यांदा बोलली न्हाई."

"मला माफ कर," मी म्हणाले.

"मला कशापायी म्हनतीस गं? मार इसरली मी कवाच." तिनं फोटो मांडीवर ठेवला आणि तळहातानं उगाच सपाट केला. "आयला सांगायला पायजे हुतं. आय मागनं म्हनायची, आपली नजरच खोटी. नवी नवरी, डोळ्यावर पदर, काय बगितलं आसंल कुनास ठाव. देवाच्या दारात आपन खोटा मान मागितला. दर शिवरातीला जायाची न् तुमच्या त्या पायरीवर नाक घासायची. म्हनायची, म्हादेवा, खोटं बोलली मी, पदरात घे."

खालच्या खोलीत कुणी तरी हिंदीत फोनवर बोलत होतं. सून दारात उभी राहून ऐकत होती, ती आत गेली.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"मरंपातुर," हिरा म्हणाली.